तापलेला पत्रा आणि संध्याकाळचे पाहुणे

आत्ताच नगरच्या दवाखान्यातून सुप्याला परतले. घरात कुणाशी बोलवत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या अंगणात दिवसभर ऊन असतं, म्हणून पुढे पत्र्याचं शेड करून घेत होते. काम पाथर्डीकडचं एक जोडपं करत होतं. ऊसतोडीवरून परतले की दोघं अशी कामं घेतात. तो वर चढून स्क्रू मारतो, ती खालून पत्रा देते.

आज दुपारी, काम थोडंच राहिलेलं असताना तो म्हणाला, "ताई, पत्रा लई तापलाय. ऊन उतरलं की चढतो."

संध्याकाळी मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मी म्हटलं, "पाहुणे यायच्या आत उरका हो तेवढं."

"मग पाईप तरी द्या. पानी मारून घेतो."

मीच नळाला पाईप लावून दिला. पत्रा गार झाला, पण निसरडाही झाला. तो घसरला आणि थेट फरशीवर पाठीवर आदळला. मणक्याला मार लागलाय. पायाची बोटं हलत नाहीत. पुढचं आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात त्याची बायको माझ्याशेजारी बाकावर बसली होती. म्हणाली, "ताई, पाव्हनं आलं का वो?"

टोमणा नव्हता. काळजीने विचारत होती.

आले होते. माझ्या नवऱ्याचा नुकताच फोन येऊन गेला होता. पाहुणे त्याच शेडखाली चहा घेत होते. सावली छान पडलीय म्हणाले.

तुम्हीच सांगा, तिला मी काय उत्तर द्यायचं होतं?