सवतीला निरोप द्यायला: नागपूर ते विशाखापट्टणम

पत्र आलं तेव्हा मी भरल्या वांग्यांचा मसाला वाटत होते. आमच्या ह्यांनी ते वाचलं, घडी केली आणि टीव्हीखाली सरकवून दिलं. काय आहे विचारलं तर म्हणतात कसे, "काही नाही वं. म्हैस रिटायर होऊन राहिली."

म्हैस म्हणजे ह्यांचं जहाज. नौदलात ह्यांनी पंधरा वर्षं काढली, त्यातली नऊ या एका जहाजावर. रणगाडे, ट्रक आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारं हे जहाज. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण बुड सपाट, चाल संथ आणि जराशी लाट आली की डुलायला लागायचं, म्हणून खलाशांनी तिला म्हैस करून टाकलं. मीही इथे तेच लिहिते. घरात मात्र मी तिला दुसऱ्याच नावाने ओळखायचे. सवत!

त्याला कारण आहे. आमची प्रणिता व्हायची होती तेव्हा ह्यांची सुट्टी मंजूर झाल्याचं पत्र आलं होतं. माझा भाऊ दोन दिवस नागपूर स्टेशनवर जाऊन गाड्या पाहत राहिला. हे उतरलेच नाहीत. प्रणिता झाली, बारसंही झालं, आणि मग आंतरदेशीय पत्र आलं, 'सुट्टी रद्द. जहाज निघाले.' पोरीचं तोंड ह्यांनी पाहिलं तेव्हा ती तीन महिन्यांची होती आणि ह्यांना पाहून भोकाड पसरून रडली. प्रणिता आता चौतीस वर्षांची आहे. एवढ्या वर्षांत आमचं भांडण कशावरूनही सुरू होवो, भाजीत मीठ कमी असो की पंख्याचं बटण, शेवटी ते त्या जहाजावर जाऊन आदळायचंच. तिने माझा नवरा नेमका नको तेव्हा ठेवून घेतला, हे मी तिला कधी माफ केलं नाही. आणि हे त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून मीच म्हटलं, "जाऊ या आपण."

"कायले? लोखंड हाय ते."

"मले पाहायचं हाय तिले. एवढी वर्षं भांडून राहिली मी, एकदा तोंड तं पाहू द्या."

दोन दिवस हे टाळत होते. कधी गुडघा दुखतो, कधी मौद्याच्या शेतावर जायचं आहे. माणूस ज्या जहाजाच्या गोष्टी सांगून जेवण थंड करतो, त्याला तिच्या निरोपाला जायचं नाही, हे मला काही पटेना. तिसऱ्या दिवशी मी जावयाला सांगून तिकिटं काढून घेतली. विषय संपला.

पहिला दिवस

नागपूरहून विशाखापट्टणमला जायला दोन वाटा आहेत, एक रायपूरकडून आणि एक बल्लारशा, वरंगळ, विजयवाड्याकडून. आम्ही दुसरी घेतली. वीसेक तास धरून चाला, आणि वर दोन तास गाडीच्या मर्जीचे. ज्येष्ठांची सवलत आता नाही, त्यामुळे खालचे बर्थ हवे असतील तर निदान महिनाभर आधी बघा. सकाळी स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले. ह्यांनी तर्री दोनदा घेतली आणि मग गाडीत पाणी पीत बसले.

सोबत पोळ्या, कोरडा झुणका आणि लसणाची चटणी होती. तुम्हीही न्या. गाडीतलं जेवण मिळतं, पण ते खाऊन प्रवास लांबल्यासारखा वाटतो. समोर एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, "कुठे निघाल्या?" मी म्हटलं, "ह्यांचं जहाज पाहायला." त्या हसल्या. नागपूरचा माणूस आणि जहाज! लग्न ठरलं तेव्हा माझे काकाही असेच हसले होते. चारही बाजूंनी समुद्र लांब, आणि पोरगा दर्यावर. त्यातही गंमत अशी की बाकीच्या जहाजांचा जीव जमिनीला लागू नये म्हणून धडपडतो आणि ह्यांच्या जहाजाचं कामच मुळी जाऊन जमिनीवर चढायचं.

हे मग त्या बाईंना समजावत बसले. किनारा जवळ आला की आधी जहाजाच्या मागून एक नांगर टाकायचा. त्याचा पोलादी दोर सोडत सोडत जहाज पुढे न्यायचं आणि नाक सरळ वाळूत घुसवायचं. पुढचे दरवाजे उघडले की फळी पडते, गाड्या उतरतात. मग मागचा तोच दोर यंत्राने गुंडाळायचा आणि जहाजाने स्वतःला ओढून परत पाण्यात घ्यायचं. त्या मागच्या नांगरावर दोघांची जोडी असायची. आमचे हे आणि अप्पाराव नावाचा एक आंध्रचा गडी. "नांगर लवकर टाकला तं दोर पुरत नाही, उशिरा टाकला तं जोर भेटत नाही," हे सांगत होते. बाई झोपून गेल्या तरी सांगत होते.

दुसरा दिवस

विशाखापट्टणमला उतरलो तेव्हा हवा अंगाला चिकटत होती. सुती कपडेच न्या आणि ज्यादा रुमाल ठेवा. स्टेशनबाहेर रिक्षावाले मीटरचं नाव काढत नाहीत, आधी भाव ठरवून मगच बसा. आम्ही किनाऱ्याजवळ साध्या हॉटेलात खोली घेतली. दोघांना दिवसाला दीड हजारात चांगली खोली मिळते, समुद्र दिसायलाच हवा असेल तर दुपटीने मोजावे लागतात. समुद्र खाली उतरून फुकटात दिसतो, मग कशाला?

सकाळी पेसरट्टू खाल्ला. हिरव्या मुगाचा डोसा, आत उपमा. आपल्याकडच्या धिरड्याचा चुलतभाऊ, पण आल्याची चटणी अशी की कान गरम झाले. किनाऱ्यावर एक खरीखुरी पाणबुडी वाळूत आणून ठेवली आहे, आत फिरता येतं, तासभर हाताशी ठेवा आणि सकाळी लवकर जा. आतून बाहेर पडल्यावर मी ह्यांना म्हटलं, "एवढ्याशा जागेत लोक राहत होते?" हे म्हणाले, "आमची म्हैस याच्यापेक्षा ऐसपैस होती." बघा, म्हणजे आलंच नाव तोंडात.

तिसरा दिवस

निरोपाचा कार्यक्रम संध्याकाळचा होता, दुपारी तीनला नौदलाच्या फाटकावर बोलावलं होतं. निमंत्रणपत्र, ह्यांचं पेन्शनचं ओळखपत्र आणि माझं आधार कार्ड. फाटकावर मोबाईल जमा करून घेतात, म्हणून या लेखात एकही फोटो नाही. रागावू नका.

आणि मग ती दिसली. खरं सांगते, मी भांडायच्या तयारीने गेले होते. वाटलं होतं काहीतरी टोकदार, तोऱ्यात उभं असेल. ही तर रुंद, बुटक्या नाकाची, राखाडी रंगाखाली जागोजागी पोपडे धरलेली. बाळंतपणं उरकून थकलेल्या बाईसारखी धक्क्याला टेकून उभी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, हीच का!"

आधी एका अधिकाऱ्यांनी तिची कारकीर्द वाचून दाखवली. सराव किती, फेऱ्या किती, ते मला काही लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते असं, की युद्धाच्या किनाऱ्यावर चढायला बांधलेली ही बया शत्रूच्या वाळूवर एकदाही चढली नाही. चढली ती आपल्याच माणसांच्या किनाऱ्यांवर. वादळानंतर बेटांवर तांदूळ घेऊन गेली, पाण्याचे पिंप घेऊन गेली, ताडपत्र्या, औषधं, आणि येताना म्हाताऱ्या, गरोदर बाया घेऊन आली. जिथे बंदर मोडून पडलेलं असतं तिथे हिचाच उपयोग, कारण हिला बंदर लागतच नाही. मी ऐकत होते. या गोष्टी हे घरी सांगत असताना मी बहुधा कुकरची शिटी मोजत असेन.

मग आम्हाला जहाजावर चढू दिलं. मागच्या बाजूला नांगराच्या यंत्राशी एक टकला माणूस उभा होता. त्याने ह्यांना पाहिलं आणि ओरडला, "अरे नागपूर!" अप्पाराव. दोघं एकमेकांना मिठी मारून उभे राहिले, मग यंत्राला हात लावून राहिले, मग मी मधे घसा खाकरला तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. अप्पारावने एकदम वाकून माझे पाय धरले. मी मागे सरकले. माझ्याहून मोठा माणूस!

"भाभीजी, वो छुट्टी आपकी थी. मैं ले गया."

"कौन सी छुट्टी?"

"बेटी होने वाली थी ना. जोडी में से एक को जहाज पर रहना ही पडता था. छुट्टी इसको मिली थी. फिर मेरा टेलिग्राम आया, माँ सीरियस है. इसने बोला, तू जा, मेरे घर में सब लोग हैं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे दोराकडे पाहत होते. म्हणाले, "अप्पा, चल, चहा पिऊ."

सूर्यास्ताला बिगुल वाजला आणि झेंडा शेवटचा उतरवला. हळूहळू खाली येतो तो, एका लयीत. आजूबाजूचे म्हातारे खलाशी ताठ उभे होते आणि रडत होते. मीही रडले, पण माझं रडणं संतापाचं होतं. चौतीस वर्षं मी या बिचारीला शिव्या घातल्या. चौतीस वर्षं हिने ऐकून घेतल्या, आणि ज्याने केलं तो माणूस शेजारी बसून वरणभात खात होता! उतरताना मी तिच्या कठड्यावर हात ठेवला. गरम होता, दिवसभर उन्हात तापलेला. मनात म्हटलं, माफ कर बाई, तुझं काहीच नव्हतं यात.

परत

विशाखापट्टणम ते बल्लारशा मी बोलले नाही. हे तीनदा चहा घेऊन आले, मी तीनदा प्यायले, पण बोलले नाही. बल्लारशाला उजाडलं. प्लॅटफॉर्मवर गरम भजी निघत होती, हे ती घेऊन आले, माझ्या हातात दिली आणि आपण होऊनच बोलायला लागले.

"अप्पा पोचला तवा त्याच्या मायची माती होऊन गेली होती. एक दिवस उशीर झाला त्याले."

मी भजी हातात धरून बसले.

"येळेवर पोचला असता तं तुले सांगितलं असतं मी. पण त्यालेही माय भेटली नाही अन् तुले मीही भेटलो नाही. कोणालेच काही भेटलं नाही, मग काय सांगू? जहाजाच्या नावावर टाकून देलं."

"चौतीस वर्षं?"

"एकदा टाकलं का काढता येत नाही वं."

चंद्रपूर गेलं, वर्धा गेलं. राग ह्यांच्यावर होता, पण धरून बसावं असं काही हाताला लागत नव्हतं.

हा प्रवास करावा का, असं कोणी विचारलं तर म्हणेन, जरूर करा. हिवाळ्यात जा, चार-पाच दिवस पुरतात. तुमच्या घरातल्या माणसाने आयुष्य जिथे घालवलं ती जागा एकदा बघून या, मग ती जागा कारखाना असो, शाळा असो की जहाज. आपण घरात बसून तिच्याबद्दल जे ठरवलेलं असतं ते बरंच चुकीचं निघतं.

संध्याकाळी प्रणिता आंध्रचं लोणचं न्यायला आली. मी तिला सगळं सांगितलं, ह्यांच्या समोरच. हे पेपर तोंडापुढे धरून बसले होते. प्रणिता उठली, ह्यांच्या हातातला पेपर काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "बाबा, बरं केलं तुम्ही."

ह्यांचे डोळे भरून आले. पण हे तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"बरंच केलं," मी म्हटलं. "पण मले तवाच पत्र टाकून विचारलं असतं, तं मीच म्हटलं असतं, देऊन टाका त्याले सुट्टी."

हे हसले. "नसतं म्हटलं तू."

चोवीस वर्षांची होते मी. पहिलटकरीण. रोज दारात उभी राहून वाट बघणारी.

नसतंच म्हटलं.