खाल्ल्या घरचं कलम

माझं शिक्षण ज्यांच्यामुळे झालं, त्या रत्नागिरीच्या मावशी नात्याने माझ्या कोणीच नव्हत्या. लांज्याकडच्या आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी बी.ए. झालो तो मावशींच्या पडवीत राहून, त्यांच्या हातचं जेवून. भाड्याचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

पुढे मी कायद्याच्या वर्गात गेलो. ऐंशीनंतरची ती वर्षं. सरांनी एकदा काम दिलं : एक देश मनाने रचा आणि त्याचा फौजदारी कायदा लिहा. गुन्हे, पुरावा, शिक्षा, सगळं. माझ्या देशात फाशी नव्हती. खून करणाऱ्याने जन्मभर मयताच्या घरची शेती कसायची होती. एका गुन्ह्याला मात्र मी दयामाया ठेवली नाही. ज्या घरचं अन्न खाल्लं तिथेच चोरी केली तर शिक्षा दुप्पट, आणि पुरावा नसला तरी संशय पुरे. आपण निर्दोष आहोत हे खाणाऱ्यानेच सिद्ध करायचं. मावशींचे उपकार मनात ठेवूनच मी ते लिहिलं होतं.

सर म्हणाले, "संशयावर शिक्षा? तुझ्या देशात मी पाहुणा म्हणून यायचा नाही, बाबा!" वर्ग हसला. मी कलम तसंच ठेवलं आणि संध्याकाळी मावशींना अभिमानाने वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. शेजारच्या काकूही बसल्या होत्या.

"आणि कोणी आमटी खारट केली तर काय रे शिक्षा?" मावशींनी विचारलं.

"ती शिक्षा खाणाऱ्यालाच होते, मावशी."

"मेल्या, वकील होशील खरा!"

पुढच्याच आठवड्यात मावशी एका लग्नाला निघाल्या, तेव्हा त्यांची एक पाटली सापडेना. आम्ही दोघांनी कपाट, गाद्या, तांदळाचा डबा, सगळं पालथं घातलं. मावशी तशाच लग्नाला गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून कपाटाला कुलूप दिसू लागलं. मी आत गेलो की मावशींचं आणि काकूंचं बोलणं थांबायचं. मग एकदा मागीलदारी काकूंचा आवाज कानावर आला.

"मी आपली सांगत्ये हो. वर्गातल्या बाकीच्या पोरांना नाही सुचलं, यालाच कसं सुचलं? मनात असल्याशिवाय कागदावर येतं का?"

मावशी काय म्हणतात ते ऐकायला मी तिथेच उभा राहिलो. नुसता विहिरीचा रहाट वाजत राहिला.

मग मलाही संशयाची सवय लागली. ताटात आमटी कमी पडली की मी त्याचा अर्थ लावायचो. काकू रोज दुपारी त्याच कपाटाच्या खोलीत पाठ टेकायला येतात, हे मी मनात टिपून ठेवलं. पुरावा माझ्याकडेही नव्हता.

मावशी लेकीकडे बुरोंडीला गेल्या. एरवी घराची किल्ली माझ्याकडे असायची. या वेळी आतल्या खोल्यांना कुलूप घालून किल्ली त्यांनी काकूंच्या हातात दिली. माझी परीक्षा तोंडावर होती. ही पडवी सुटली असती तर गावी परतायचं, नाहीतर मुंबईला नोकरी शोधायची. कायद्याचं शिक्षण तिथेच संपलं असतं. चार दिवसांनी मी पत्र लिहून टपालपेटीत टाकलं.

"ती. मावशींस नमस्कार.

घर ठीक आहे. माडाची झावळी पडून पडवीवरची कौलं फुटली होती, ती बदलली.

पाटली मी घेतलेली नाही. हे सिद्ध करायला माझ्याजवळ काही नाही. माझी ट्रंक उघडी ठेवली आहे. पण जो ट्रंक उघडी ठेवतो त्याचाही संशय येतो, हे मला आता कळतं. सरांचं बरोबर होतं. ते कलम मी खोडलं आहे. भीती वाटते म्हणून खोडलं असं काकू म्हणतील. भीती वाटते हे खरंच आहे.

तुम्ही मला अजून एकदाही विचारलेलं नाही. आल्यावर विचारा. काकूंसमोर विचारलंत तरी चालेल. माझं उत्तर पटलं नाही तर मी त्याच दिवशी निघेन आणि तुमच्या घराबद्दल कुठे वाईट शब्द काढणार नाही. पण न विचारता मला जायला सांगू नका."