सिस्टरबाई आमच्या गावातून का गेल्या

"आज कोणाचे आभार मानले?"

सिस्टरबाई भेटल्या की पहिला प्रश्न हाच. बसचा कंडक्टर सुटला नाही, मीही नाही. वांग्यांची टोपली उतरवत मी म्हणायचो, "कोणाचे मानू? वांग्याले कीड लागून राह्यली." त्या हसायच्या. "किडीनं तुमच्यासाठी एवढी ठेवली ना, मग तिचेच माना." आणि न निवडता वांगी घ्यायच्या.

निवृत्त नर्स होत्या. भीमपूरच्या रस्त्याला त्यांचं लहानसं प्रार्थनाघर होतं. खचलेली माणसं त्यांच्याकडे जायची. त्या कोणाचा धर्म विचारायच्या नाहीत. आधी रडू द्यायच्या, पाणी द्यायच्या, मग तो प्रश्न. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला वाटतं ती उपदेश करतात, खरं तर ती ऐकत असतात.

आमची एकुलती मुलगी तापानं गेली. बायकोनं बोलणं टाकलं, जेवणही टाकत चालली. सिस्टरबाई दुपारी येऊन तिच्याजवळ ज्वारी निवडत बसू लागल्या. हळूहळू बायकोचा आवाज फुटला. एकदा भिंतीआडून मी ऐकलं, "देवा, माह्या पोरीसाठी तुहे आभार."

माझं डोकं फिरलं. आमच्याकडे सुतकाच्या घरातून निघताना माणूस 'येतो' एवढंही म्हणत नाही. तिथे आभार? ही बाई हिला पोरीच्या मरणाचे आभार मानायला लावते, असं मी धरून चाललो. आत जाऊन विचारलं नाही. सरळ पारावर गेलो आणि तेच सांगितलं.

गावानं सिस्टरबाईंचं दूध बंद केलं. मग दारासमोर माणसं जमली. त्या वांकिडीला बहिणीकडे निघून गेल्या. पोरीच्या मरणाचे आभार मानायला लावले म्हणून त्यांना जावं लागलं, हीच गोष्ट गावात आजही सांगतात. ती खोटी आहे आणि ती माझ्या तोंडून निघाली.

खरं काय ते बायकोनं सिस्टरबाई गेल्या त्या संध्याकाळी सांगितलं. "मरनाचे नाई मानले मी. पोरगी माही वेनी घालून द्यायची, त्याचे मानून राह्यली होती. तेवढं बी काऊन हिसकलं तुमी?"

त्यानंतर ती गप्प झाली, ती गप्पच. यंदा तर चार घास भरवायलाही झगडावं लागायचं. शेवटी, सिस्टरबाईंना आणायला चाललो, असं तिला सांगून मी वांकिडीला गेलो. पाय धरायचे ठरवलं होतं. बहिणीनं मला बसवलं, जेवू घातलं आणि मग सांगितलं, सिस्टरबाई उन्हाळ्यातच वारल्या.

घरी आलो तेव्हा बायको उंबऱ्यात बसली होती. तिनं माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"मागून येऊन राह्यल्या का?"

तो आवाज मी जवळजवळ विसरलो होतो. "हो," मी म्हणालो.

ती भिंतीला धरून उठली, चूल पेटवली आणि तिघांपुरतं पीठ परातीत घेतलं.