रामटेके घाबरत होते

रविवारी सकाळी समोरच्या घरातून कुसुमवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. आणि मी विचारलं, "कुठल्या चौकात?"

सहा आठवडे झाले, तरी ते दोन शब्द आठवले की माझं मलाच ऐकवत नाही. प्रल्हाद रामटेके, मोजणी खात्यात तीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेले आणि निवृत्तीनंतर माझ्या समोरच राहायला आलेले, सकाळचा चहा झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. आणि त्यांच्या बायकोला मी चौक विचारत होतो. वहिनी म्हणाल्या, "नाही भाऊजी... खरंच गेले."

माझ्या विचारण्याला कारण होतं, कारण रामटेके याआधी एकदा 'गेले' होते. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी आमच्या गावच्या चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. काळी चौकट, त्यात त्यांचा फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल : समस्त ग्रामस्थ'. फोटो कोणीतरी लांबून काढलेला होता, सकाळच्या फेरफटक्याचा, कानटोपीसकट. रामटेके दुधाची पिशवी हातात घेऊन त्या फ्लेक्ससमोर उभे होते आणि खालून वरपर्यंत नीट वाचत होते. मी पोचलो तेव्हा त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली, पानाच्या टपरीवरून स्टूल मागून आणलं आणि दोऱ्यांच्या गाठी सोडायला लागले. एक गाठ सुटायला पाच मिनिटं लागली. चौकात वीसेक माणसं होती. कोणी हललं नाही. मीही नाही... माझ्या हातात दूध होतं. फ्लेक्स खाली आल्यावर त्याची व्यवस्थित घडी घालत ते म्हणाले, "कापड चांगलं आहे, जोशी. स्कूटरवर घालायला होईल." आणि मग अगदी हळू, "मी फार घाबरून राहिलो ना."

चाळीस वर्षं पुण्यात काढूनही हे 'घाबरून राहिलो' काही त्यांच्या बोलण्यातून गेलं नाही. मूळचे ते भंडाऱ्याकडचे. आणि 'राहिलो' हे त्यांच्या बाबतीत शब्दशः खरं होतं, कारण एवढा भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. लिफ्टला घाबरायचे, कुत्र्यांना घाबरायचे, साहेबाच्या घंटीला घाबरायचे. घराची कडी लावून जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन ती ओढून बघायचे. ऑफिसात आम्ही त्यांची यथेच्छ थट्टा केली, आणि त्या थट्टेत मी सर्वांत पुढे होतो. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती फार विनोदी वाटते. स्वतःची भीती ओळखायला मला साठी उलटावी लागली.

निवृत्तीच्या सुमारास सोलापूर रस्त्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या या गावात त्यांनी बैठं घर घेतलं, आणि सहा महिन्यांनी त्यांच्याच आग्रहाने समोरचं मी घेतलं. गाव नुकतंच महापालिकेत आलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला गायरान होतं, म्हणजे गावाची चराईची मोकळी जमीन. मधून एक ओढा, चार-दोन बाभळी, पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत. दशरथआबांच्या म्हशी तिथे चरायच्या, संध्याकाळी बायका फिरायच्या, पोरं क्रिकेट खेळायची. रामटेके रोज पहाटे तिथे तीन फेऱ्या मारायचे. एकदा मी विचारलं, एवढं काय आहे त्या माळात? तेव्हा ते म्हणाले, "आमच्या गावात आमची हद्द कुठे संपते हे मला लहानपणीच पाठ होतं. या विहिरीपर्यंत, त्या पारापर्यंत. फक्त गायरानावर कोणी विचारत नव्हतं, इथे का आलास म्हणून." त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

मग एका सकाळी गायरानाच्या कडेला पत्रे ठोकले गेले आणि फलक लागला. बावीस मजली इमारती, नऊ टॉवर, तरणतलाव. नव्या आराखड्यात ती जमीन हिरव्या रंगातून पिवळ्या रंगात गेली होती, म्हणजे घरं बांधायला मोकळी झाली होती. हरकती घ्यायला महिन्याची मुदत होती. रामटेकेंनी हरकत लिहिली, सर्वांना वाचून दाखवली, आणि पहिल्या उत्साहात सह्यांची पाच पानं भरली. सहावी की सातवी सही माझी होती. दशरथआबांनी अंगठा उठवला आणि शाई धोतराला पुसत म्हणाले, "सायेब, जिमीन सरकारची हाय, आन् सरकार त्यांचं हाय. तरी बी लावतो."

त्यानंतर बिल्डरकडचा एक माणूस यायला लागला. पांढरी गाडी, इस्त्रीचा शर्ट, वागणं अत्यंत अदबशीर. त्याने कोणालाही कधी धमकी दिली नाही, हे मी शपथेवर सांगेन. तो फक्त चौकशी करायचा. माझ्या फाटकाशी उभा राहून तो म्हणाला, "काका, नातीची स्कूलबस त्या वळणावरच थांबते ना? सात वीसला. डंपर फार सुसाट येतात हो तिथे. कोणीतरी सोडायला जात जा." मी घरात आलो तेव्हा माझी बनियन भिजली होती. त्या आठवड्यात मी पत्र दिलं, की माझी सही गैरसमजुतीतून झाली असून ती रद्द समजावी. बऱ्याच जणांनी तसंच पत्र दिलं. मजकूरही सारखाच होता, तो त्यानेच टाइप करून आणला होता. पाच पानांवर शेवटी तीन नावं उरली : रामटेके, वहिनी आणि आबांचा अंगठा.

हे मी रामटेकेंना तोंडाने सांगायला गेलो. ते नकाशे पसरून बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं केलं जोशी. नात आहे घरात." मी म्हटलं, तुम्हीही घ्या की मागे. त्यावर ते म्हणाले, "घ्यायचं आहे हो. रोज सकाळी ठरवतो, आज देऊन टाकू पत्र. पण मग वाटतं, उद्या देऊ." एवढं बोलून पुन्हा नकाशावर वाकले. त्या दिवसांत ते फेरफटक्याला गळ्यात शिट्टी अडकवून जायचे. मोटरसायकलचा आवाज आला की भिंतीला चिकटून उभे राहायचे. पण तीन फेऱ्या झाल्याशिवाय परत यायचे नाहीत.

फ्लेक्स लागला तो सुनावणीच्या चार दिवस आधी. तरी ते गेले. वहिनींनी मला सांगितलं, की नाव पुकारल्यावर हे उभे राहिले आणि तोंडातून आवाजच फुटेना. समितीच्या माणसाला वाटलं यांना चक्कर आली. शेवटी त्यांनी जुना नकाशा टेबलावर ठेवला आणि त्यावरच्या निळ्या रेघेवर बोट टेकवलं. ओढा. जुन्या नकाशात तो होता आणि नव्यात नव्हता. पावसाळ्यात डोंगराकडचं सगळं पाणी त्या ओढ्याने जातं. तो बुजवून टॉवर उभे राहिले, तर ते पाणी खालच्या वस्तीत शिरणार हे सांगायला भाषण लागत नव्हतं. समितीने स्थळपाहणी लावली.

पाहणीच्या दिवशी सकाळी अकराला अधिकारी आले. त्याआधीचे पंधरा दिवस डंपर येऊन ओढ्यात राडारोडा टाकत होते, त्यामुळे पाहावं तिकडे सपाट. पत्र्यांच्या कडेने पंचवीस-तीस तरणे पुरुष हाताची घडी घालून उभे होते, नुसते उभे. मी माझ्या गच्चीवर होतो. खरं सांगायचं तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला होतो. रामटेके हद्दीच्या दगडापाशी गेले, वाकले, मोजणीची टेप काढली आणि मग मान वर करून आजूबाजूला पाहिलं. टेपला दोन टोकं असतात, एक कोणीतरी दगडाशी धरावं लागतं. तीस वर्षं त्यांनी मोजलं आणि मी धरलं, किंवा उलट. त्यांनी गच्चीकडे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी टाकीमागे सरकलो होतो.

पुन्हा डोकावलो तेव्हा वहिनी घरातल्या चपलांवर, पदर खोचून, दगडाशी उकिडव्या बसल्या होत्या आणि टेपचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. रामटेके दुसरं टोक घेऊन चालत निघाले. त्यांची चाल मला वरून दिसत होती... खांदे आवळलेले, मान आत, पाठीमागून आता काहीतरी येणार असं वाटणाऱ्या माणसाची. राडारोड्याच्या एका ढिगाशी ते थांबले आणि म्हणाले, "इथे." दशरथआबा फावडं घेऊन आले. विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, पुन्हा विटा. मग फावड्याचा आवाज बदलला. आबांनी मूठभर काळा चिखल उचलून अधिकाऱ्यांसमोर धरला. चिखलातून पाणी गळत होतं. "सायेब, जित्ता हाय वढा."

अहवालात ओढा लिहिला गेला आणि प्रस्ताव फेरसुनावणीला आला. काम थांबलं. रामटेके मात्र त्यानंतर जास्तच घाबरायला लागले. दाराला दुसरी कडी बसवली, फोन वाजला की दचकायचे. डॉक्टर म्हणतात हृदय आधीपासूनच कमजोर होतं, आणि मला डॉक्टरांवर अविश्वास दाखवायचा नाही. पण ते हृदय गेल्या वर्षभरात कसं धडधडलं असेल याचा अंदाज मला आहे. माझंही धडधडत होतं, तेही टाकीच्या मागे राहून. त्यांच्या वंदनेला गाव आलं, त्या चौकातली वीसही माणसं आली. खालच्या आवाजात त्रिशरण म्हटलं गेलं. पांढरी गाडी कोपऱ्यावर उभी होती.

महिन्याभराने फेरसुनावणीचं पत्र आलं, त्यांच्याच नावाचं. वहिनी ते घेऊन आमच्याकडे आल्या. मला 'या' असं काही म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मला नकाशा वाचता येत नाही, भाऊजी." माझा मुलगा आतून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, मला येतो.

मागच्या मंगळवारी आम्ही दोघं गेलो. लांब खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, वर पंखा. लिपिकाने पुकारलं, "प्रल्हाद रामटेके? हजर?" त्याने पुन्हा पुकारलं. वहिनींनी नकाशाची गुंडाळी माझ्या मांडीवर ठेवली. मी उभा राहिलो आणि म्हटलं, ते नाहीत, मी आहे. "आपण कोण त्यांचे?" शेजारी, मी म्हटलं. त्याने रजिस्टर माझ्याकडे वळवलं आणि म्हणाला, "मग स्वतःच्या नावाने हरकत नोंदवा. नाव, सही, पूर्ण पत्ता."

नाव लिहिलं. सही केली. पत्ता लिहिताना मान वर झाली, तर दाराशी तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट, कानाला फोन. त्याने मला ओळखून अदबीने मान लववली आणि हसला. माझ्या डोळ्यांसमोर ते वळण आलं, सात वीस वाजले होते आणि नातीची पिवळी पिशवी... पेन कागदावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

"काका, घर नंबर राहिला," लिपिक म्हणाला.

मी घर नंबर लिहिला.