म्हातारी धरणारे मास्तर

एकोणीसशे छत्तीस साली मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि माणसाला अरे-तुरे अन् झाडाला अहो-जाहो करणारा माणूस मी त्या साली पहिल्यांदा पाहिला. पुढं एवढं आयुष्य गेलं, दुसरा भेटला न्हाई. भोरच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. सुट्टी लागली की खांद्याला पत्र्याचा डबा अडकवून वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीवर यायचे आणि माझ्या ओटीवर मुक्काम ठोकायचे. रानात बसलो की मला म्हणायचे, "अरे, सरक जरा." आणि माझ्या बुडाखाली चेंगरलेल्या टाकळ्याला म्हणायचे, "फार लागलं नाही ना तुम्हाला?" शाळा माझी दुसरीपर्यंतच, पण घरचा मी थोरला, वाडीत माझ्या शब्दाला वजन. मला हे लई झोंबायचं.

भोरपासून वेल्ह्यापर्यंत रानात जे जे आपोआप उगवतं आणि बी धरतं, त्या प्रत्येकाची भावकी लावायची, एवढाच त्यांचा ध्यास. पाकळ्या मोजायच्या, भिंगातून फुलाच्या पोटात बघायचं आणि सांगायचं, हा अमक्याचा चुलता, ही तमक्याची आतेबहीण. सोयरीक जमवणाऱ्यालासुद्धा इतकी नाती तोंडपाठ नसतील. स्वतः मात्र बिनलग्नाचे, पुढंमागं कुणी न्हाई. एकदा जेवताना म्हणाले, वांगं आणि धोतरा एकाच भावकीतले. माझ्या बायकोनं नेमकं वांग्याचं कालवण केलेलं. ती म्हणाली, "मग उद्या धोतऱ्याचं भरीत करते. पयला घास तुमी घ्या, मास्तर." मास्तर गंभीरपणे म्हणाले, "नको बाई, त्या घरी माझं जेवणखाण नाही." पान दिसलं की चावून बघायची त्यांना खोड होती. रानअळू चावलं तेव्हा जीभ सुजून दिवसभर खुणांनी बोलत होते, आणि तशातही अळूपुढं हात जोडून उभे राहिले, चूक आपलीच आहे म्हणून.

अशा माणसाला आमच्या जननीदेवीच्या राईतल्या एका वेलानं येडं केलं. वेल उंच आंब्याच्या शेंड्याला गेलेला. फुलं तिथंच यायची; खाली पडायची ती कुजलेली, मुंग्यांनी खाल्लेली. मास्तर मान वर करून तासन्‌तास बघायचे. "रुईच्या भावकीतल्या आहेत या बाई," म्हणायचे, "पण घर सापडत नाही. कदाचित कुणाला माहीतच नसतील." कुणालाच माहीत नसलेलं, बुकात नाव नसलेलं एक झाड आपल्या हातून उजेडात यावं, एवढंच त्यांनी जन्मात मागितलं होतं. पण देवीच्या राईतली काडीसुद्धा बाहेर न्यायची न्हाई, ही आमची रीत. मास्तरांनी कौल लावायला सांगितला. गुरवानं देवीला ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नको. डावं पडलं.

मी म्हटलं, "मास्तर, मी आणतो फांदी तोडून. देवीला मी बघून घेतो."

"आणि फांदी चिकटवायच्या कागदावर ठिकाण काय लिहू?" मास्तर म्हणाले. "जननीची राई, मालकिणीनं नको म्हटलेलं असताना?"

मग चैत्रात वेलाच्या शेंगा तडकल्या. आतलं बी रुईच्या बीसारखंच, कापसाच्या पिसाऱ्याचं. आमच्याकडं पोरं त्याला म्हातारी म्हणतात. मास्तरांनी गुरवाला विचारलं, "वाऱ्यानं राईबाहेर आलेली म्हातारी कुणाची?" गुरव डोकं खाजवून म्हणाला, "ती मग वाऱ्याची." झालं! मास्तर हद्दीच्या दगडाबाहेर उलटी छत्री घेऊन बसले. म्हातारी दिसली की धोतर सावरत तिच्यामागं धावायचे. बायका पाण्याला जाताना थांबायच्या. माझी बायको म्हणायची, "मास्तर, आता धरायचीच तर तरणी तरी धरा!" एक म्हातारी नेमकी हद्दीच्या दगडावर बसली. मास्तर वाकून वाकून बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "संशय आहे. जाऊ दे." शेवटी एक आली ती माझ्या मुंडाशावर. मास्तर ओरडले, "हलू नकोस! अरे, तुझ्या डोक्यावर पाहुण्या आल्यात!"

ते बी माझ्या कुंपणात लावलं. फूल आलं की निरोप धाड, म्हणाले. मी त्या वेलाजवळ शेरडू फिरकू दिलं न्हाई. तिसऱ्या श्रावणात कळ्या धरल्या. बाजारला जाणाऱ्याकडं भोरला निरोप दिला. मास्तर आले, पण काठी टेकत, दर दहा पावलांवर खोकत. संध्याकाळी कुंपणाशी बसून त्यांनी फूल उघडलं, भिंगातून बघितलं, जाडं बुक काढलं आणि पानं उलटत गेले. एका पानावर बोट थांबलं ते थांबलंच.

"काय झालं, मास्तर?"

"यांना नाव आहे, अरे. कुणा गोऱ्यानं कधीच देऊन ठेवलंय."

मग त्यांनी फुलावरून बोट फिरवलं आणि हसले. "बरं झालं. घर सापडलं यांचं. मला वाटलं होतं, एकट्याच आहेत." जेवले न्हाईत. ओटीवर भिंतीकडं तोंड करून निजले.

पुढच्या पावसाळ्याआधी मास्तर भोरला वारले. पण ते फूल उघडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, गुरं सोडायच्या आधी, मी वाडीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं की आमच्या कुंपणातल्या वेलाला मास्तरवेल म्हणायचं. म्हातारा गुरव म्हणाला, "कुणी ठरवलं?" म्या ठरवलं म्हटलं. ओटीवरून मास्तर खोकत ओरडत होते, "अरे, असं नाव देता येत नाही! शास्त्रात बसत नाही!" मी मागं वळून बघितलं न्हाई. अजून चार दारं राहिली होती.