दोन भाषांतली नवरी

गुजराती शिकणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या काही दिवसांतच एक नियम सापडतो. शब्दाच्या शेवटी 'आ' असेल तर त्याचा 'ओ' करावा. घोडा, घोडो. डबा, डबो. दोरा, दोरो. नियम सोपा आहे आणि बहुतेक वेळा खराही आहे. सुरतेत नव्याने आलेला खानदेशी माणूस त्याच्या जोरावर भाजी आणतो, खोली शोधतो आणि दुकानदाराशी घासाघीसही करतो. मी स्वतः हा नियम अनेकजणींना शिकवला. तो कोठे दगा देतो, हे मात्र मला भर सभेत, उभ्याने शिकावे लागले.

ही नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. मी धुळ्याला मराठी माध्यमातून डी.एड. झाले होते. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा येथे मराठी शाळा मोजक्या होत्या आणि त्यांत माझ्यासाठी जागा नव्हती. माझे यजमान यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करीत. अशा कारागिराला इकडे 'मास्तर' म्हणतात. त्यामुळे शिकवण्याचे प्रमाणपत्र माझ्या पेटीत, आणि मास्तर मात्र ते, असा आमच्या घरातला न्याय होता.

पर्वत पाटियाच्या मागच्या बाजूला एका सोसायटीत मी तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि धागा कटिंगचे काम सुरू केले. हे काम काय असते, ते सांगते. जरीची साडी उलटी करून पाहिली, तर एका बुट्ट्यापासून दुसऱ्या बुट्ट्यापर्यंत सुटे धागे लोंबताना दिसतात. ते कापल्याखेरीज साडी दुकानात जात नाही, आणि कापताना कात्रीचे टोक जरा चुकले तर साडी वाया जाते. मार्केटमधून टेम्पोने गठ्ठे येत. आजूबाजूच्या वस्तीतल्या बायका सकाळचा स्वयंपाक उरकून येत आणि मुले शाळेतून सुटण्याच्या वेळी परत जात. मार्केटजवळच्या मोठ्या कारखान्यांत यापेक्षा अधिक काम होते. परंतु तिकडे जाण्याची मुभा यांतल्या बहुतेकींना घरून नव्हती. माझ्या खोल्या पायी येण्याच्या अंतरावर होत्या आणि तेथे मालक म्हणून एक बाई होती, एवढ्याच कारणाने त्यांना काम मिळत होते. खोल्या गेल्या असत्या, तर माझा व्यवसाय गेला असता आणि त्यांची कमाईही गेली असती.

खोल्या जाण्याची वेळ लवकरच आली. सोसायटीचे प्रमुख, म्हणजे अध्यक्ष, एके दुपारी उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. गृहस्थ सभ्य होते. आत पाऊल न टाकता ते म्हणाले, "बेन, सोसायटीमां धंधो नहीं चाले." तक्रारी त्यांनी क्रमाने सांगितल्या. धाग्यांनी गटार तुंबते. फाटकाशी चपलांचा ढीग पडतो. टेम्पो आत येतो. बायका मोठ्याने बोलतात. रविवारी संध्याकाळी कॉमन प्लॉटमध्ये, म्हणजे सोसायटीच्या मोकळ्या जागेत, सभा होती. त्यात या प्रश्नाचा निकाल लागणार होता.

"मी येईन," मी म्हणाले.

"तमे नहीं, बेन. तमारा मिस्टरने मोकलजो," ते म्हणाले. तुम्ही नको, यजमानांना पाठवा.

यजमानांच्या कारखान्याची सुटी बुधवारी असे. रविवारी त्यांची दिवसपाळी होती, आणि ती रात्रीच सुटे. रात्री जेवताना मी विषय काढला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मी रजा घेतो हवं तर. पण बोलणार काय? मला मागाशी बोलता येतं, माणसांशी नाही. आणि धागा कोण कापतं, ते तूच सांगशील."

सभेत मीच बोलणार, हे तेव्हाच ठरले.

मला भाषणाचा अनुभव नव्हता. पाठ घेण्याचा होता. म्हणून मी पाठाचे टाचण काढतात तसे भाषणाचे टाचण काढले. प्रस्तावना, विषयविवेचन, समारोप. प्रस्तावनेत लिहिले, 'आपणा सर्वांना माझी नम्र विनंती आहे.' मग प्रत्येक वाक्य गुजरातीत उतरवले आणि दुसऱ्या दिवशी बायकांसमोर म्हणून दाखवले. त्यांच्या कात्र्या चालूच होत्या. त्यांच्यात शिरपूरकडच्या एक मावशी होत्या. वयाने सर्वांत मोठ्या, आणि तोंडाने त्याहून मोठ्या. त्या साड्यांच्या गठ्ठ्यावर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "आते मी परमुख शे. बोल."

मी पहिले वाक्य म्हटले. मावशींनी हात वर करून मला थांबवले.

"तू इनंती कराले जाई ऱ्हायनी का सांगाले?"

विनंती करायला जाते आहेस, की सांगायला? बायका हसल्या. मी टाचणाकडे पाहिले आणि मावशींचे म्हणणे मला पटले. वर्गात आपण विनंती करीत नाही. फळ्यासमोर उभे राहतो आणि जे आहे ते सांगतो. मी प्रस्तावना खोडली आणि तेथे एकच वाक्य लिहिले: हूं अहीं काम करुं छुं. मी येथे काम करते.

पुढे छोटे व्यवसाय करणाऱ्या अनेकांना मी बोलण्याची तयारी करून दिली. त्या सर्वांना ही गोष्ट मी प्रथम सांगत असे. पहिले वाक्य लहान ठेवा. त्यात क्रियापद तुमच्या कामाचे असू द्या. क्षमा, आभार, विनंती यांना मागाहून जागा मिळते. पहिल्या वाक्यातच वाकलात, तर पुढच्या वाक्यांना सरळ उभे राहता येत नाही.

आवाजाचाही सराव केला. अध्यापनाच्या वर्गात आम्हांला शिकवले होते की बोलणे शेवटच्या बाकाला उद्देशून असावे. तेथपर्यंत आवाज पोहोचला पाहिजे, पण ओरडता कामा नये. मी मावशींना दाराबाहेर, फाटकाशी उभे केले. त्या तेथून ओरडत, "नही येत." मग म्हणत, "आते येस." आणि एकदा, "इतलं नको माय, मी काय बहिरी शे का?"

रविवारी संध्याकाळी कॉमन प्लॉटमध्ये सतरंजी अंथरली होती. पुढे खुर्च्यांवर पुरुष बसले होते. सोसायटीतल्या स्त्रिया सभोवतालच्या ओट्यांवर होत्या. कोणी शेंगा सोलत होती, कोणी साडीला टिकल्या लावत होती. माझ्या बायका फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, कारण त्या सोसायटीच्या रहिवासी नव्हत्या. शेवटचा बाक तो होता, हे मी मनात पक्के केले.

माझे नाव पुकारण्यात आले नाही. प्रमुख म्हणाले, "पेला धागावाळा बेननो प्रश्न छे," म्हणजे त्या धाग्यावाल्या बाईंचा प्रश्न आहे, आणि इकडे तिकडे पाहू लागले, जणू माझ्या मागून कोणी पुरुष येईल. मी उभी राहिले आणि म्हणाले, "हूं अहीं काम करुं छुं."

वाक्य नीट पोहोचले. मी पुढे सांगू लागले. धाग्यांची तक्रार रास्त आहे. उद्यापासून दाराशी पोते टांगलेले असेल आणि एकही धागा गटारात जाणार नाही. चपला आत ठेवल्या जातील. टेम्पो फाटकाबाहेर थांबेल, गठ्ठे आम्ही उचलून आणू. येथवर सगळे टाचणाप्रमाणे चालले होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "बेन, आ बधुं बरोबर. पण तमारा घरवाळा क्यां छे? एमने बोलवा दो ने." हे सद्गृहस्थ स्वतःच्या पहिल्या मजल्यावर ड्रेस मटेरियल विकत असत.

यजमान कोठे आहेत, त्यांना बोलू द्या, हे माझ्या टाचणात नव्हते. टाचणात नसलेले उत्तर माणूस स्वतःच्या भाषेत शोधतो. मी मराठी वाक्य उचलले, माझा नवरा बोलणार नाही, मी बोलणार. आणि नियमाप्रमाणे 'आ'चा 'ओ' केला.

"मारो नवरो नहीं बोले. हूं बोलीश."

मग तेच गृहस्थ म्हणाले, "नवरो होय तो तो मोकलो ज ने."

सगळा प्लॉट हसला. ओट्यांवरच्या स्त्रियाही हसल्या. गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामा, ज्याला काही काम नाही असा माणूस. मी भर सभेत सांगितले होते की माझा बिनकामाचा माणूस बोलणार नाही; आणि ते म्हणत होते की रिकामाच असेल तर मग पाठवाच की. तो शब्द मला ठाऊक नव्हता असे नाही. बाजारात मी तो कितीदा ऐकला होता. पण ऐकून ठाऊक असलेला शब्द, तोंड घाईत असले की वेळेवर आडवा येत नाही.

खाली बसावे असे मला वाटले, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु वर्ग हसतो तेव्हा शिक्षकाने बसायचे नसते. त्या हसण्यावर बोलायचेही नसते. ते पूर्ण होऊ द्यायचे, कारण कोणताही वर्ग सतत हसू शकत नाही. मी हातातले टाचण घडी घालून पदरात खोचले आणि वाट पाहिली. हसू थांबले. त्यानंतरही मी थोडी थांबले, इतकी की लोक माझ्याकडे पाहू लागले. मग फाटकाकडे नजर ठेवून मी माझ्या मोडक्या गुजरातीत बोलले. ते येथे मराठीत देते.

"तुमच्या भाषेत नवरा म्हणजे ज्याला काम नाही तो. आमच्या भाषेत नवरा म्हणजे ज्याच्याशी लग्न झालं तो. तुमच्या अर्थाचा नवरा माझ्या घरात नाही. माझे यजमान आत्ता मागावर उभे आहेत, म्हणून ते इथे नाहीत. आता दुसरा शब्द. आमच्या भाषेत नवरी म्हणजे वधू. तुमच्या भाषेत नवरी म्हणजे रिकामी बाई. आमच्या भाषेतली नवरी मी एक दिवस होते. तुमच्या भाषेतली नवरी अजून एकही दिवस झालेले नाही. त्या फाटकाबाहेर ज्या उभ्या आहेत, त्याही झालेल्या नाहीत. या सोसायटीत कोणत्या घरात कोणतं काम चालतं, ते मी बोलणार नाही. ज्याचं त्याला माहीत आहे."

ड्रेस मटेरियलवाल्या गृहस्थांनी खुर्ची थोडी सरकवली. मग ओट्यावरून एका वृद्ध बांचा, म्हणजे आजींचा, आवाज आला. त्यांच्या मांडीवर टिकल्या लावायची साडी होती आणि सुई हातातच होती.

"साची वात छे," त्या म्हणाल्या. "अहीं नवरी कोण छे? जरा बतावो तो खरा." खरी गोष्ट आहे; येथे रिकामी कोण, ते दाखवा तरी.

आता ओट्यांवरच्या स्त्रिया हसल्या. हे हसू वेगळे होते. त्याला पुढच्या खुर्च्यांतून साथ मिळाली नाही.

प्रमुखांनी घसा साफ केला. ते न्यायी गृहस्थ होते. पण सवयी न्यायापेक्षा जुन्या असतात. पोते, चपला, टेम्पो, या तिन्ही अटींवर काम चालू राहायला त्यांची हरकत नव्हती. मात्र, ते म्हणाले, बुधवारी मास्तरांनी येऊन तसा शब्द द्यावा. मग प्रश्न मिटला.

"शब्द मी देते," मी म्हणाले. "पोतं मी टांगणार. चपला माझ्या खोलीत राहणार. जो पाळणार त्यानं शब्द द्यावा."

"बेसो, बेन. बेसो हवे."

"उत्तर मिळालं की बसते."

प्रमुखांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. मी उभी राहिले. उभे राहणे हेही बोलण्याचाच भाग आहे, हे मला त्या दिवशी समजले. मागच्या बाजूला फाटक थोडे करकरले. मावशी एक पाऊल आत येऊन उभ्या राहिल्या होत्या. अखेरीस प्रमुख म्हणाले, "सारुं. तमारो शब्द." बरे, तुमचा शब्द. मी शब्द दिला आणि मग बसले.

परतताना मावशी म्हणाल्या, "नवरो म्हने," आणि पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. मला वाटले होते, चूक झाली म्हणून त्या मला बोलतील. त्याऐवजी त्यांनी विचारले, "ते तू मुद्दाम बोलनी ना?" मी खरे ते सांगितले. "मंग कोनले सांगू नको," त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी दाराशी पोते टांगले. टेम्पो फाटकाबाहेर थांबू लागला, आणि आम्ही गठ्ठे डोक्यावरून आणू लागलो. पावसाळ्यात ते कष्टाचे होते, पण शब्द माझा होता. त्यानंतर कोणी दुकानदारीण, कोणी शिवणकाम करणारी, कोणी नाश्त्याची हातगाडी लावणारा, असे लोक येऊ लागले. कोणाला घरमालकासमोर बोलायचे असे, कोणाला एखाद्या कार्यालयात. मी मावशींना गठ्ठ्यावर बसवून या लोकांना बोलायला लावी. त्यांतल्या सर्वांना यश आले असे नाही. मात्र 'आपणांस नम्र विनंती' या शब्दांनी सुरुवात करून माझ्या खोलीतून कोणी बाहेर पडले नाही.

सभेच्या त्याच आठवड्यातल्या बुधवारी यजमान दुपारभर ओट्यावर बसले होते. सभेची हकिकत मी त्यांना सांगितली होती आणि ती त्यांना विशेष आवडली होती. प्रमुख समोरून चालले होते. सभेनंतर ते थोडे सैल झाले असावेत, त्यांनी थांबून विचारले, "केम मास्तर, आजे नवरा?" गुजरातीत 'नवरो'ला आदराने 'नवरा' म्हणतात; आज रिकामे का, असा प्रश्न होता.

"आज बुधवार," यजमान म्हणाले. "बन्ने भाषामां."

दोन्ही भाषांत. प्रमुख मोठ्याने हसले. मी आतून एक कात्री आणली, अर्धी झालेली साडी आणली आणि दोन्ही वस्तू यजमानांच्या मांडीवर ठेवल्या.

"आमच्याकडे नवरा एकाच भाषेतला चालतो," मी म्हणाले.