सारवलेल्या अंगणातला गोल्फ

पाचोऱ्यापासून धुळ्यापर्यंत गोल्फची इतकी अक्कल असलेला आणि इतकं वाईट खेळणारा माणूस माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, भाऊ यांच्याशिवाय दुसरा नसेल. दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला असताना बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांनी त्यांना आपल्या जुन्या काठ्या दिल्या, आणि निवृत्त होऊन भाऊ गावी आले ते त्या काठ्या घेऊनच. कपाशी उपटून झाली की शेत हेच त्यांचं मैदान. अठरा खळग्यांचा डाव एकदा तरी शंभर फटक्यांच्या आत संपवायचा, एवढीच त्यांची इच्छा. दरवर्षी जुन्या सोबत्यांबरोबर ते नाशिककडच्या खऱ्या मैदानावर जातात आणि एकशे सहा, एकशे चार असं काहीतरी घेऊन येतात. मोजायला खिशात सरकी असते. फटक्याला एक सरकी डाव्या खिशातून उजव्या खिशात. काठी नुसती हवेत फिरली तरी सरकी हलते.

उपदेश मात्र जेवतानाही चालू. "डोकं वर करानं नही. चेंडू कथा गया ते लोके देखतीन," असं म्हणून मारतात आणि चेंडू कुठे गेला ते सगळ्यांच्या आधी स्वतःच वर बघतात. चेंडू झाडीत गेला की आधी आडवा मारून बाहेर यावं, हाही त्यांचाच नियम. पण एकदा शेजारच्या केळीतून सरळ पुढे मारायला गेले आणि चेंडू खोडांवर आपटत त्यांच्याच पायाशी परत आला. बागवाले नाना बांधावरून म्हणाले, "भाऊ, घड पाडी राहिनात का?"

लांब मारण्यात फुशारकी, खळग्याजवळच्या लहान फटक्यांत फायदा, हे त्यांचं सगळ्यात आवडतं वचन. "सगळा बठ्ठा खेळ आंगणमा शे," म्हणत त्यांनी माझा स्टीलचा पेला अंगणात पुरला. चेंडू दर वेळी पेल्याच्या बाजूने निसटायचा. अंगण मीच सारवते, त्यामुळे बादली सांडली तर पाणी कुठे जाईल ते मला ठाऊक. पण जेठांशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नाही, आणि मी मुळातच कमी बोलते. शेवटी पदर सावरून मी अंगणात बांधलेल्या वासराला म्हटलं, "आंगणमा पानी न्हाणीकडे जास." भाऊंनी वासराकडे पाहिलं, चेंडू वरच्या अंगाने सोडला, आणि पेला वाजला. तेव्हापासून रोज सकाळी वासरू आणि मी त्यांना शिकवत होतो.

यंदा नाशिकहून दुपारी फोन आला. माझे मालक फोन घरी विसरून शेतात गेले होते. मी उचलला, पदर सावरला, बांगड्या वाजल्या.

"तूच शेस ना?" भाऊ म्हणाले. "शेवटला खळगा. सत्त्याण्णव व्हयनात. आठ पावलं दूर शे, उजवीकडे तळं शे."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट बोलले ते तेव्हा.

"पानी तळ्याकडेच जाई," मी म्हटलं. "वरल्या अंगाले टाका."

दोन फटक्यांत चेंडू आत गेला. नव्याण्णव. पण दुसऱ्या दिवशी भाऊंनी आणलेल्या कागदावर एकशे एक लिहिलं होतं. बाहेरच्या कोणाला सल्ला विचारला तर दोन फटके दंड असतो म्हणे. फोन कोणी ऐकला नव्हता. त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.

माझ्यामुळे नव्याण्णव गेले, असं मनाला लागलं. पाय धुता धुता भाऊ वासराला म्हणाले, "काठ्यास्नी पिशवी धरनाराले इचारता येस. दंड नही." मग गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले. ते गुडघे आता चढणीला कुरकुरतात. आणखी किती वर्षं चालतील कोण जाणे.

मी वासराकडे नाही, त्यांच्याकडेच बघून विचारलं, "पिशवी कितली जड शे?"

भाऊ भिंतीला टेकवलेल्या काठ्यांकडे वळले. मग म्हणाले, "तीनज काठ्या लेसूत."